तिसरी गाडी हवी आहे

मंडळाच्या पॉटलकला नवीन ओळख झाली की दुसरा किंवा तिसरा प्रश्न ठरलेला असतो, "मग वीकेंडला काय करता?" कुणी हायकिंगला जातं, कुणी गोल्फ शिकतंय, कुणी मुलांना एका क्लासहून दुसऱ्या क्लासला पोचवतंय. मी "कार रेसिंग करतो" म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत आदर दिसतो. "म्हणजे रिमोटच्या, छोट्या गाड्यांचं," असं पुढे सांगितलं की तो आदर आला तसा परत जातो! "अच्छा, खेळण्यातल्या होय!" एवढं बोलून मंडळी बटाटेवड्यांकडे वळतात. तेव्हा ह्या अंकाच्या निमित्ताने एकदाच काय ते सविस्तर सांगून टाकावं म्हणतो.

आमची टूरिंग कार खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, २०० मिलिमीटर रुंद. ती बॅटरीवर पळत नाही. तिला खरंखुरं इंजिन असतं, २.११ सीसीचं. मुठीत मावतं, पण मिनिटाला तीस हजारांहून जास्त फेरे घेतं. इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल ह्यांचं मिश्रण. बजाज चेतकमध्ये आपण पेट्रोलबरोबर ऑइल घालायचो ना, तोच टू-स्ट्रोकचा हिशोब. इंजिनाला वंगण मिळतं ते इंधनातूनच. स्पार्क प्लग मात्र नाही. त्याऐवजी ग्लो प्लग, म्हणजे प्लॅटिनमयुक्त तारेचं इवलंसं वेटोळं. सुरुवातीला ते बॅटरीने तापवायचं. मग मिथेनॉल आणि प्लॅटिनम एकमेकांशी जमवून घेतात आणि तार आपली आपण लाल राहते.

ह्या गाड्या मला २००१ साली भेटल्या. एएसयूत एमएस करायला टेम्पीला आलो होतो आणि शेजारच्या अपार्टमेंटमधल्या मुलाकडे एक होती. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षीच मी माझी घेतली. नंतर चँडलरला घर झालं आणि गॅरेजचा एक कोपरा कायमचा माझा झाला. (आमच्या सौ. म्हणतात, तीन कोपरे.)

"कुठली गाडी चांगली?" हे नवीन माणूस हमखास विचारतो. ढोबळमानाने दोन जाती आहेत. एक तयार मिळणाऱ्या गाड्यांची. ट्रॅक्सासची नायट्रो ४-टेक किंवा एचपीआयची नायट्रो आरएस४ ह्या त्यातल्या. ४-टेक तर बटण दाबून सुरू व्हायची. दुसरी जात रेसिंग किटची. क्योशोची व्ही-वन, म्युगेनची एमटीएक्स, एक्सरेची एनटी१ ह्या त्यातल्या. डबा उघडला की नुसते सुटे भाग. इंजिन वेगळं घ्यायचं, सुरू करायला स्टार्टर बॉक्स वेगळा.

मी दोन्ही जातींच्या गाड्या वर्षानुवर्षं पळवल्या. सरळ रस्त्यावर त्यांच्यात वाटतो तेवढा फरक नसतो. तो दिसतो वळणावर. रेसिंग गाडीत चाकाचा कल, स्प्रिंगचा ताठपणा, गाडी उचलल्यावर चाक किती खाली लोंबावं, दुसरा गिअर कुठल्या क्षणी पडावा, सगळं बदलता येतं. टायर फोमचे असतात आणि पळता पळता खोडरबरासारखे झिजतात. चाकाचा कल चुकला तर टायर एका बाजूने जास्त झिजून शंकूसारखा होतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर आम्ही कॅलिपर घेऊन टायर मोजत बसतो. महाग गाडीत वेग विकत मिळत नाही, स्क्रू विकत मिळतात. हे स्क्रू नीट लावणाऱ्याची साधी गाडीही नुसती महाग आणलेल्या गाडीच्या पुढे जाते, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

पण खरी गंमत इंजिनाच्या ट्यूनिंगची. कार्ब्युरेटरवर हाय-स्पीडची निडल, लो-स्पीडची निडल आणि आयडलचा स्क्रू. क्रमही हाच. इंजिन नीट गरम झाल्याशिवाय एकालाही हात लावायचा नाही. निडल घट्ट केली की इंधन कमी, म्हणजे लीन. सैल केली की जास्त, म्हणजे रिच. फिरवायची तीही घड्याळाच्या एका तासाएवढीच, बारावा भाग फक्त. रिच गाडी घोगरी वाजते, दाट धूर सोडते, आळसावते. लीन गाडी कर्कश किंचाळते, धूर जवळजवळ नाही आणि दोन फेऱ्या झकास पळते. तीच धोक्याची! इंधन कमी म्हणजे तेलही कमी. पिस्टनचं वाटोळं व्हायला मग फार वेळ लागत नाही.

आता इथे आमचं ॲरिझोना आडवं येतं. सीझन हिवाळ्यातला. जानेवारीत सकाळी ४५ डिग्री फॅरनहाइट, दुपारी ६८. थंडीत स्लीव्ह आवळलेली असते, पिस्टन वर अडकतो. म्हणून इंजिनाला आधी हेअर ड्रायरने शेकायचं. (घरातला ड्रायर आता माझ्या पिट बॉक्समध्येच राहतो.) सकाळची हवा दाट, म्हणून इंधन थोडं जास्त लागतं. दुपारी ऊन चढलं की हवा विरळ होते आणि सकाळचीच निडल आपोआप रिच ठरते. नवखा माणूस म्हणतो, "तापलंय बिचारं, इंधन वाढवू या." करायचं असतं नेमकं उलट, किंचित घट्ट! टेंपरेचर गन हेडवर धरली की २२० ते २५० डिग्री दाखवते, पण नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवून चालत नाही. धूर बघायचा आणि आवाज ऐकायचा. उन्हाळ्यात तर आम्ही दुपारी नावच काढत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्सला सलग ३१ दिवस ११० डिग्री किंवा त्याहून जास्त होतं, आठवतंय ना? डांबरावर फोमचे टायर काय, माणूसही टिकला नसता.

आवाज ऐकायला मी शिकलो अण्णांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून. पलूसजवळ आमची शेती आहे. किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर. विहिरीवरचं डिझेल इंजिन कसं चाललंय हे अण्णा घराच्या ओसरीवरून सांगायचे. "कोरडं वाजतंय", "दम लागलाय त्याला", "ठसकतंय बघ". हे शब्द माझ्या तोंडी बसले आणि माझ्याकडून लेकीच्या.

ती आता पंधरा वर्षांची आहे. दहाव्या वर्षी तिने रविवारची मराठी शाळा सोडली. घरात मराठी उरलं ते "भूक नाही" आणि "पाच मिनिटं" एवढ्यापुरतं. पण पिटमध्ये ती माझी मेकॅनिक असते. टाकी ७५ सीसीची, जेमतेम पाच मिनिटं पुरते. अर्ध्या तासाच्या फायनलमध्ये पाच-सहा वेळा गाडी पिटमध्ये घ्यावी लागते. मी उंच कट्ट्यावर रिमोट घेऊन उभा आणि ती खालून ओरडते, "बाबा, कोरडी वाजतेय, आत आण!" आजूबाजूच्या गोऱ्या मंडळींना काही कळू नये म्हणून तिने हे मराठी सुरू केलं. मला कारणाशी काय करायचंय?

दोन वर्षांपासून ती इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर अण्णांना पाठवते. पहिला आवाज ऐकून अण्णा म्हणाले, "हे इंजिन आहे का डास?" त्यांचं निदान निम्म्या वेळा चुकतं, कारण त्यांच्या आणि आमच्या इंजिनाच्या गतीत जमीनअस्मानाचा फरक. पण पूर्वी आजोबा-नातीचं फोनवरचं बोलणं "जेवलीस का?" "हो." इथे संपायचं. आता ती त्यांच्याशी वाद घालते. मराठीत! "नाही अण्णा, गॅस सोडल्यावर आवाज लगेच खाली येत नाही, म्हणजे लो-स्पीड लीन आहे." लीनला मराठी शब्द काय, ह्यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही. सध्या "उपाशी" चालू आहे.

ह्या सगळ्याला आता एक अडचण आली आहे. बॅटरीच्या गाड्या फार सुधारल्या. ब्रशलेस मोटर, लिपो बॅटरी. चार्ज करा, पळवा, ना धूर, ना तेलकट हात. युरोपात नायट्रोमिथेन १६ टक्क्यांपेक्षा जास्त असलेलं इंधन २०२१ पासून सामान्य माणसाला सहज विकत घेता येत नाही. आपल्या चँडलरची तर गोष्टच सोडा. १९८३ साली उघडलेला फायरबर्डचा मोठा ट्रॅक शेजारी असलेलं हे गाव. इथेच २०२० पासून वेमोच्या गाड्या ड्रायव्हरशिवाय लोकांना घेऊन फिरू लागल्या. अशा गावात तेलकट बोटांनी निडल फिरवणारा माणूस म्युझियममध्ये ठेवण्याच्याच लायकीचा! बॅटरीच्या गाड्यांबद्दल माझी तक्रार नाही, त्या वेगवान आहेत. पण त्या ठसकत नाहीत, त्यांना दम लागत नाही. अण्णांना मग पाठवायचं काय?

आमच्या गटात नियम असा, की एका वर्गात किमान तीन गाड्या असल्या तरच त्या वर्गाची रेस होते. गेल्या सीझनला तिसरा गडी ओरेगनला बदलून गेला. उरलो आम्ही दोघं, मी आणि एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ. लेकीच्या हायस्कूलची तीन वर्षं शिल्लक आहेत, म्हणजे तीनच सीझन. त्यानंतर ती कुठल्या गावी असेल कोण जाणे.

म्हणून मंडळींना विनंती. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत कुठल्याही रविवारी या. टोपी, सनस्क्रीन आणि कानात घालायला बोळे आणा. गाडी नसली तरी चालेल, माझी जुनी ४-टेक गॅरेजमध्ये आहे आणि अजून छान वाजते. ट्यूनिंग आम्ही शिकवू. माणूस मराठी बोलणारा असला तर उत्तमच. आमचे पिटमधले सगळे बेत त्याला कळतील, पण तेवढं नुकसान सोसायची लेकीची तयारी आहे. मी विचारलंय तिला.