कोड्याचा चहा

पवनीला आम्ही वर्षातून दोनदा जमतो. आम्ही म्हणजे पाच-सहा जण: दोघे महाविद्यालयात मराठी शिकवणारे, एक बँकेत आयुष्य काढलेले, एक जुन्या पुस्तकांचे विक्रेते, आणि ज्यांना सगळेच ‘गुरुजी’ म्हणतात असे एक निवृत्त शिक्षक. जमायचे कारण सांगायला थोडा संकोच वाटतो. आम्ही एकमेकांना कोडी घालतो. विषय तीनच, कला, इतिहास आणि प्रवास. पूर्वी ही कोडी पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावरून येत-जात आणि उत्तराला महिना महिना लागे. त्या महिन्यात वाचून होई ते एरवी वर्षभरात झाले नसते. पुढे वाटले की समोरासमोर बसावे. नियम एकच, ज्याला उत्तर येणार नाही त्याने चहा द्यायचा.

मराठीत ‘उखाणा’ म्हटले की आज लग्नातले नाव घेणे आठवते. पण उखाणा म्हणजे मुळात कोडेच. नाव थेट उच्चारायचे नाही, आडवळणाने सुचवायचे, एवढा धागा दोहोंत राहिला आहे. संस्कृतात तिला प्रहेलिका म्हणत. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत तिला जागा दिली आणि दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसर्‍या परिच्छेदात तिचे सोळा प्रकार मोजले. दंडी तिचे उपयोगही सांगतो. रसिकांच्या बैठकीत करमणूक, गर्दीत असताना जाणत्यांनी आपापसात गुप्त बोलणे, आणि दुसर्‍याला गोंधळात पाडणे. आम्ही हे वर्गात अनेकदा शिकवले आहे. पहिल्या उपयोगावर थोडे बोलायचे आणि उरलेले दोन घाईने उरकायचे, ही आमची रीत.

पवनी हे गाव कोड्यांसाठीच वसवले असावे असे आम्हाला पुष्कळदा वाटते. वैनगंगेचा काठ, जुनी तटबंदी, जवाहर दरवाजा, पावलोपावली देवळे. ‘विदर्भाची काशी’ हे नाव तिला उगाच पडलेले नाही. आमच्या पुस्तकविक्रेत्या मित्राने एकदा विचारले होते, “सेतू बांधला, पण एकाही नदीवर नाही. ताम्रपट मात्र इथे नदीकाठी सापडला. हा राजा कोण?” तासभर डोकी खाजवल्यावर उत्तर निघाले, वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन. माहाराष्ट्री प्राकृतातील ‘सेतुबंध’ हे महाकाव्य परंपरेने त्याच्या नावावर आहे आणि त्याचा एक ताम्रपट पवनीला मिळाला आहे. चांगले कोडे असे असते. उत्तर कळल्यावर दोन लांबच्या गोष्टी एकमेकींना ओळख देतात आणि पुन्हा अनोळखी होत नाहीत. ‘अमुक राजा कोणत्या साली गादीवर बसला’ हे कोडे नव्हे. ती पाठांतराची परीक्षा झाली, आणि तिचा आम्हाला मनापासून कंटाळा आहे.

काही वर्षांपूर्वीच्या एका बैठकीची पाळी आमची होती. बरोबर एक विद्यार्थिनी आली होती. एम. ए.च्या दुसर्‍या वर्षाची, पवनीचीच. पाहुणी म्हणून ती कोपर्‍यात बसली होती. आम्ही बरेच दिवस घोळवलेले कोडे काढले:

“छत आहे, पण घर नाही. भिंत आहे, पण गवंडी नाही. सात दिवस पाऊस पडला आणि यजमानच तेवढा भिजला. पाहुणा कोण, यजमान कोण?”

त्यामागे जगन्नाथ टेकडी होती. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली पवनीत उत्खनन केले. देवळाच्या टेकडीखाली स्तूप निघाला. इसवी सनापूर्वीच्या शतकांतील दगडी कठड्याचे कोरीव अवशेष निघाले आणि त्यांवर दान देणार्‍या माणसांची नावे ब्राह्मी लिपीत आढळली. एका शिल्पात फणा उभारलेला नाग आहे आणि त्याचे नावही शेजारी कोरलेले आहे, मुचलिंद. बोधीनंतर ध्यानस्थ बसलेल्या बुद्धावर वादळी पाऊस कोसळला तेव्हा या नागराजाने स्वतःची वेटोळी त्याच्याभोवती घातली आणि फणेचे छत्र धरले, अशी ती कथा. त्या काळचे शिल्पकार बुद्धाला मनुष्यरूपात दाखवीत नसत. रिकामे आसन, पावलांचे ठसे, वृक्ष, एवढ्यावर भागवीत. म्हणजे शिल्पच एक प्रहेलिका. आमच्या मते या कोड्याने आमचा त्या वर्षीचा चहा नक्की सुटणार होता.

प्रश्न संपतो न संपतो तोच कोपर्‍यातून उत्तर आले. “पाहुणा तथागत, यजमान मुचलिंद.”

आम्ही तोंडभर कौतुक केले. कुठे वाचलेस, म्हणून विचारले. ती म्हणाली, “वाचलं नाही, सर. पावसाळ्यात आजी सांगायची. आमच्या विहारात तसबीरही आहे.” मग जराशी थांबून म्हणाली, “कोडं छान आहे. पण हे कोणालाच येणार नाही असं धरूनच तुम्ही घातलंत ना?”

तिच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, असता तर सोपे गेले असते. आमच्या वहीत त्या कोड्यापुढे ‘अवघड’ असा शेरा होता, आणि तो कोणाला धरून अवघड, हे आम्ही कधी स्वतःला विचारले नव्हते. इतकी वर्षे आम्ही याच गावात बसत होतो, त्या टेकडीवर सकाळी फिरायला जात होतो. जी कथा गावातल्या कित्येक घरांत मुलांना झोपवताना सांगितली जाते ती आमच्या लेखी उत्खननाच्या अहवालात दडलेली दुर्मीळ वस्तू होती. दंडीने सांगितलेले ते दुसरे दोन उपयोग आठवले. गर्दीत जाणत्यांनी आपापसात बोलणे. मात्र जाणते कोण, हे आम्हीच परस्पर ठरवून टाकले होते.

कोणीतरी वातावरण हलके करण्यासाठी म्हणाले, आता तू घाल. ती घालणार नाही असे वाटले होते. तिने घातले.

“आपल्या भागानं एकदा एका माणसाला दिल्लीला पाठवायचं नाकारलं. दोन वर्षांनी तोच माणूस नागपूरला आला, आणि लाखो लोक आपण होऊन त्याच्या मागे निघाले. कोण, आणि कुठली निवडणूक?”

पहिला अर्धा भाग सर्वांनाच आला. दुसर्‍या अर्ध्यावर आम्ही गप्प झालो. 14 ऑक्टोबर 1956 आम्हाला ठाऊक होता. 1954 ची भंडारा लोकसभा पोटनिवडणूक ठाऊक नव्हती. मतदारसंघ दोन जागांचा होता. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर काँग्रेसच्या उमेदवाराकडून पराभूत झाले. बाबासाहेबांची ही शेवटची लोकसभा निवडणूक. शिलालेखांतली अक्षरे लावत बसणार्‍या आम्हा मंडळींना आपल्याच जिल्ह्याचा हा निकाल माहीत नसावा, याला काय म्हणावे? त्या दिवशी सगळेच हरलो होतो, तेव्हा चहाचे पैसे वाटून घ्यायचे. पण गुरुजींनी कोणालाच खिशात हात घालू दिला नाही. बैठक लवकर मोडली.

पुढे तीन-चार महिन्यांनी जवाहर दरवाजापाशी एस. टी.ची वाट पाहत आम्ही दोघेच उभे होतो. गुरुजी आपण होऊन बोलू लागले. “ते उत्तर मला येत होतं. मी तेव्हा आठ वर्षांचा. निकालाच्या दिवशी आमच्या घरी पेढे वाटले. मी स्वतः परात घेऊन गल्लीभर फिरलो. काही दारं मात्र वगळायची, असं वडिलांनी बजावलं होतं.” मग म्हणाले, “ती मुलगी त्यांतल्याच एका घरची आहे. तिच्या आजीला मी ओळखतो. उत्तर कुठल्या तोंडानं देणार होतो?”

आम्हाला बोलायला काही सुचले नाही. एस. टी. आली. हे लिहू का, असे पुढे विचारले तेव्हा ते म्हणाले, लिहा, नाव घालू नका. आणि तिला कोणी काही सांगायचे नाही, ते स्वतः सांगणार आहेत.

गेल्या दोन्ही बैठकांना ती आली होती. गुरुजींनी दोन्ही वेळा कोडे घातले नाही, फक्त चहाचे पैसे दिले.