लायलपूर उर्फ फैसलाबाद

पाकिस्तानी पंजाबातलं हे कापडगिरण्यांचं शहर. नाव आधी जेम्स लायल या इंग्रज लेफ्टनंट गव्हर्नरचं, १९७७ पासून सौदीच्या राजा फैसलचं. दोघंही बाहेरचेच! घंटाघरापासून आठ बाजार फुटतात, वरून पाहिलं तर चक्क युनियन जॅक. पाटी बदलता येते हो, रस्ते कसे बदलणार?

नुसरत फतेह अली खाँसाहेब इथलेच. जन्म १९४८, म्हणजे पक्के लायलपुरी.

आणि भगतसिंग! १९०७ मध्ये ते जवळच्याच बंगा गावात जन्मले. त्यांच्याबरोबर फाशी गेलेल्या राजगुरूंचं खेड आपल्याकडे राजगुरुनगर झालं. भगतसिंगांच्या नावाचा जिल्हाही आहे, पण सीमेच्या अलीकडे. वडिलोपार्जित खटकड कलां ज्या नवांशहर जिल्ह्यात आहे, त्याला २००८ मध्ये ते नाव मिळालं.