तीस आणि साठ

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर वडिलांच्या हातच्या पोथीचीं छायाचित्रें मोठीं करून वाचावीं, म्हणून पुण्याच्या चिरंजीवांनीं आम्हांस जळकोटास ३८४० बाय २१६० बिंदूंचा मॉनिटर धाडिला. लॅपटॉप मात्र आमचा २०१४ चाच. एचडीएमआयची तार जोडली. अक्षरें अशीं रेखीव उमटलीं कीं, वडिलांचा पोटफोड्या 'ष' पाहून आम्हांस गहिंवरून आलें. पण पान वर सरकवितांच ओळी अडखळूं लागल्या, बाण उड्या मारीत धांवूं लागला. आम्हीं मनांत म्हटलें, डोळा पुन्हां गेला! चार दिवस घरांत कोणाशीं बोललों नाहीं. सोलापुरास नेत्रवैद्याकडे जाण्यापुरते पैसे तेवढे बाजूस काढिले.

पांचव्या दिवशीं नात शेजारीं येऊन बसली नि म्हणाली, "आजोबा, हें असें थांबत थांबत कां चालतें?"

म्हणजे तिलाहि दिसत होतें! आमच्या जिवांत जीव आला. तिनें सेटिंग उघडून दाखविलें : चित्र सेकंदास अवघें ३० वेळां बदलत होतें. २००९ च्या एचडीएमआय १.४ मधून एवढें मोठें चित्र सहसा याहून जलद जात नाहीं. ६० ची सोय २०१३ च्या २.० मध्यें झाली. तार नवी आणिली तरी लॅपटॉपचें तोंड जुनेंच! नवा लॅपटॉप घ्यावा, असें सूनबाईंचें म्हणणें. आम्हांस तें पटलें नाहीं. १९२० बाय १०८० करितांच बाण सुरळीत झाला, अक्षरें मात्र थोडीं बोथट दिसतात. म्हणून पोथीपुरते आम्ही पुन्हां ३० वर जातों.

ते चार दिवस आम्ही गप्प कां होतों, हें सूनबाईंस अद्याप सांगितलेलें नाहीं.