क्यूने बाहेर पडावे

पस्तीस वर्षं कचेरीत फायली लावण्यात गेली, म्हणून पुतण्याने मला धरलं. "काका, आमच्या लिनक्सच्या माहितीची पानं नवशिक्यांसाठी नीट लावून हवी आहेत. तुम्हांला यातलं काही कळत नाही, तेव्हा तुम्हीच योग्य!" लायकी काढून नेमणूक मिळण्याची आयुष्यातली ही पहिलीच खेप. पगार अर्थात नाही. 1991 साली फिनलंडमध्ये लिनस टॉरवाल्ड्सने सुरू केलेलं हे काम. आत काय आहे ते कुणीही बघावं, सुधारावं. थोडक्यात, गावच्या देवळाचा जीर्णोद्धार!

पानांना तोटा नव्हता. पहिलीच आज्ञा, 'टर्मिनल उघडा.' टर्मिनल म्हटलं की मला कुर्ल्याचं आठवतं. हे निघालं आज्ञा टाइप करायची काळी खिडकी. तिथे 'मॅन' लिहून पुढे आज्ञेचं नाव लिहिलं की मॅन्युअलचं पान उघडतं. आठ विभाग, आणि परंपरा थेट 1971 च्या युनिक्सची. पान उघडलं. मिटेना! एन्टर, एस्केप, शेवटी मेन स्विच.

"क्यू दाबायचा हो, काका."

मुंबईत जन्मभर आत शिरायला क्यू लावला. बाहेर पडायलाही क्यूच असतो, हे कुणी बोललं नव्हतं.

मग पासवर्ड. मी टाइप करतोय, पडद्यावर अक्षर उमटेल तर शपथ! नवा कीबोर्ड आणला. तोही मुका. शेवटी कळलं, आमच्या टर्मिनलवर पासवर्ड दिसतच नाही.

"हे कुठे लिहिलंय?"

"हे काय लिहायचं? सगळ्यांना ठाऊक असतं."

मी एकदम गप्प झालो. कारण हे वाक्य माझं होतं. कचेरीत एका नव्या पोराने पहिल्याच दिवशी जावकाची पत्रं आवक रजिस्टरात चढवली. "एवढंही ठाऊक नाही?" म्हणून मी त्याला सगळ्यांदेखत झाडला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ठाऊक कसं असणार? रजिस्टरं एकाच रंगाची, आणि सांगायचं काम माझं.

मग मी पानं लावली. लिनक्सचा इतिहास शेवटी ढकलला. आठही विभाग मागे, लागतील तसे. पुढे एकच पान: 'पासवर्ड दिसणार नाही, कीबोर्ड बदलू नये. बाहेर पडण्यास क्यू दाबावा.' जाणकारांनी हरकत घेतली, "हे फारच प्राथमिक आहे." म्हटलं, माझ्या घरात दोन कीबोर्ड आहेत, येऊन बघा.

परवा एका नवशिक्याने भीतभीत कळवलं, 'माफ करा, तिसऱ्या ओळीत चूक आहे काय?' होती. मी ताबडतोब उत्तर धाडलं, "आहे. तुम्हीच दुरुस्त करा. आणि उद्या नक्की या."