टर्कीचे दिवस

४ जुलै
काल रात्री दाखल झालेला मुलगा आज पुरता टर्कीत, म्हणजे गर्द (हेरॉइन) तुटल्यावरच्या त्रासात आहे. नाक वाहतंय, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पोटात पिळे. पाय तर एका जागी ठरत नाहीत. आईने विचारलं, "मॅडम, एवढे हाल होतात तर हा पुन्हा गर्दकडेच का जातो?" म्हटलं, "मावशी, या हालांपायीच जातो." त्यांना पटलं नसावं.

५ जुलै
मावशींना कागदावर चित्र काढून दाखवलं. मेंदूच्या बुंध्याशी लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा लहानसा पुंजका असतो. माणसाला सावध ठेवणारं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन मेंदूभर जातं ते मुख्यतः तिथून. गर्दने या पेशी दबतात. रोजच दबल्या की त्या आतून आपला जोर वाढवत नेतात. मग नशा तुटते, दाब निघतो, जोर तेवढाच उरतो. घाम, धडधड, विस्फारलेल्या बाहुल्या, सगळं त्यातून. क्लोनिडीन हे रक्तदाबाचं औषध. ते या पेशींना शांत करतं, म्हणून १९७८पासून टर्कीत वापरलं जातं. आज मुलाचा रक्तदाब फार उतरला, म्हणून त्याची रात्रीची गोळी थांबवली.

९ जुलै
घाम थांबला, पोटभर जेवला. "आता बरा झालाय, घरी नेते," मावशी म्हणाल्या. याच वळणावर घरचे फसतात, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? वरून मुलगा बराच दिसतो. आत काय उरतं, ते कळायलाच संशोधकांनाही वेळ लागला.

१९५४ साली माँट्रियलमध्ये ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत तार बसवली. विजेच्या त्या स्पर्शासाठी उंदीर कळ दाबतच राहिले. तेव्हापासून व्यसनाचा विचार सुखाभोवती फिरत राहिला. घराघरांतही तेच: पोरगा मजा मारतो. पण १९८१मध्ये वायली वेल यांच्या चमूने मेंढ्यांच्या मेंदूतून सीआरएफ नावाचं रसायन वेगळं काढलं. शरीरातली तणावाची साखळी त्याच्यापासून सुरू होते. पुढे जॉर्ज कूब आणि इतरांच्या प्रयोगांत दिसलं, की नशा तुटलेल्या उंदरांच्या अमिग्डाला या मेंदूच्या भागात सीआरएफ वाढतं, आणि ते अडवलं की त्यांचं वाढलेलं सेवन उतरतं. माणसांच्या दारूच्या व्यसनावर मात्र अशी औषधं चाचण्यांत चालली नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. तणावाचा हा भाग अजून कुठल्याच गोळीने नीट हाताशी येत नाही. झोप न लागणं, चिडचिड, कशातच गोडी न वाटणं महिनोन्‌महिने राहतं. त्यात घरात भांडण झालं की पाय जुन्या अड्ड्याकडे वळतात.

११ जुलै
मावशींना आज एक गोष्ट बजावून सांगितली: इथून गेल्यावर त्याने पूर्वीएवढीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. शरीराची सवय मोडली आहे. त्या गप्पच झाल्या.

ब्युप्रेनॉर्फिनचं नाव काढलं तेव्हा लगेच म्हणाल्या, "म्हणजे एक नशा सोडवून दुसरी?" नाही. जिभेखालची ही गोळी मेंदूत गर्द जिथे बसतं त्याच जागा धरते, पण अर्धवट आणि दीर्घकाळ. दर काही तासांनी चढणं-उतरणं थांबतं. गोळी कुलपात ठेवायची, रोज मावशींच्या समोर घ्यायची. मुलगा तयार आहे. उद्या कमी डोसाने सुरू करू. घरी सोडायचं ते त्यानंतर ठरवू.