कारखान्याचं घर

सोलापूर, मंगळवार

चि. बाळूस,

नकाशा मिळाला. अण्णांचा मागांचा कारखाना न पाडता त्याचंच घर करतोयस, हे फार बरं वाटलं. खालचं तळघर मात्र गळी उतरेना.

बार्सिलोनाच्या आर्किटेक्ट बोफिलचा दाखला देतोस. त्यानं १९७३ साली सिमेंटची फॅक्टरी घेतली, बरीचशी पाडली, उरलेल्या सायलोंत ऑफिस थाटलं नि तिथंच राहिला. पण भुयारं त्याला आयती मिळाली! तुला खणायचंय, तेही उभ्या भिंतींच्या पायाशी. वर आपली काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. पाया मुरमापर्यंत गेलाय का, आधी खड्डा घेऊन बघ. माग चालू असताना स्वयंपाकघरातली भांडी फळीवर वाजायची, आठवतं? भिंतींनी ते हादरे सोसलेत; पूर्वेच्या भिंतीची चीर बोट आत जाईल एवढी आहे. काल घालून पाहिलं.

तळघर हवंच तर अंगणात कर, टेम्पो लागायचा तिथं, भिंतीपासून लांब. बाहेरून वॉटरप्रूफिंग करून मग भरणी, नि भरणीला मुरूमच.

खरी गोष्ट वेगळीच आहे. कारखाना बांधला सुतासाठी. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून खिडक्या बंद आणि जमिनीवर पाणी. सूत खूश, माणसं घामानं निथळलेली. आजोबांचा खड्डामाग होता: पाय खड्ड्यात, सूत जमिनीलगतच्या गारव्यात. घराण्यातलं तळघर म्हणशील तर तेवढंच. तेव्हा आधी खिडक्या मोठ्या कर. करवतीच्या दातांसारखं छप्पर मात्र तसंच ठेव. त्याच्या काचा उत्तरेकडं आहेत; कापडातला दोष दिसावा म्हणून ऊन टाळून एकसारखा उजेड घेतलेला. असा उजेड तुझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये मिळणार नाही.

छपरावरचे सिमेंटचे पत्रे बदलशील तेव्हा ते कामगारांना फोडू देऊ नकोस. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. पाणी मारून, अख्खे उतरवून घे. फरशीत वर्षानुवर्षं तेल मुरलंय, वरचा थर खरवडल्याशिवाय टाइल धरणार नाही.

मागच्या खोलीत अण्णांचा धोटा सापडला. टोकाचं लोखंड अजून लखलखतंय. दिवाणखान्यात टांगायला मागशील. देणार नाही.

तुझी,
आत्या