पहिल्या दिवशी काय शिकवता?

मुलीची बारावीची परीक्षा संपली की बापाने निदान आठ दिवस तरी निर्धास्त झोपावे, अशी माझी भाबडी समजूत होती. शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी आमच्या कन्येने माझ्या चहाच्या कपाशेजारी तीन माहितीपत्रके मांडली आणि विचारले, "बाबा, यातलं कुठलं नाट्यशिबिर चांगलं?"

मी वर्ध्याच्या एका कॉलेजात मराठीचा प्राध्यापक. देवलांची 'शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आली, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. पण नट कसा घडवतात, हे मी कधी पाहिलेले नाही. विद्यार्थिदशेत गॅदरिंगच्या नाटकात मी एकदा शिपाई झालो होतो, तेवढाच माझा रंगभूमीशी संबंध.

"पदवी झाली की मी दिल्लीला राष्ट्रीय नाट्यविद्यालयात जाणार," कन्येने पुढे जाहीर केले. हिने फोडणी देता देता माझ्याकडे पाहिले. मी चौकशी केली, तेव्हा जिवात जीव आला. १९५९ साली निघालेल्या त्या विद्यालयाला पदवीधरच लागतो आणि काही नाटकांत काम केल्याचा अनुभवही लागतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा अभिनयाचा अभ्यासक्रमही पदवीनंतरचाच. म्हणजे कॉलेज काही चुकत नव्हते. शिबिरामुळे तिला कुठे प्रवेश मिळणार नव्हता. हे काम आपल्याला खरोखरच आवडते का, एवढेच कळणार होते. पण सतराव्या वर्षी तेवढे कळले तरी पुष्कळ झाले.

मी पत्रके उलटून पाहिली. मुंबईचे पत्रक गुळगुळीत कागदावर, आठ दिवसांचे. त्यात नटनट्यांचे फोटो, प्रमाणपत्राचे आश्वासन आणि शेवटी 'स्क्रीन टेस्ट'. पुण्याचे महिनाभराचे, पण राहण्याजेवणाचा खर्च फीच्या दुप्पट. तिसरे नागपूरचे, तीन आठवड्यांचे. कागद इतका पातळ की मागची अक्षरे पुढे दिसत होती.

माझे बोट मुंबईच्या पत्रकावर टेकले आणि तिथेच अडखळले. दोन वर्षांपूर्वी हिंगणघाटकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलाला मी असेच गुळगुळीत पत्रक पाहून एका शिबिराला पाठवले होते. शिफारसपत्र माझे, कापसाचे पैसे त्याच्या वडिलांचे. परत आल्यावर तो म्हणाला, "सर, शिकवत काहीच नव्हते. नुसते फोटो काढून राहिले होते." शंभरावर मुले, रोज एक नवा पाहुणा, त्याचे भाषण आणि टाळ्या. पुढच्या गॅदरिंगला त्याने नाटकात नाव दिले नाही. मी कारण विचारले नाही. मला ते ठाऊक होते.

या वेळी मात्र मी वही-पेन घेऊन बसलो आणि तिन्ही ठिकाणी फोन केले. मुले किती? शिकवणारे पूर्ण वेळ असतात की तोंड दाखवून जातात? मुली कुठे राहतात, सोबत कोण असते? शेवटी नाटक होते की नुसता समारंभ? आणि पहिल्या दिवशी काय शिकवता?

शेवटच्या प्रश्नाला मुंबईहून उत्तर आले, "कॅमेऱ्यापुढे आत्मविश्वास." पुण्याच्या बाई म्हणाल्या, "श्वास आणि आवाज." नागपूरचे गृहस्थ म्हणाले, "हॉल झाडायला. मग सतरंज्या घालायला. संवाद आठवड्यानंतर." मला हसू आले. इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ दिल्लीच्या विद्यालयाचे संचालक होते. त्यांच्या शिस्तीत विद्यार्थ्यांना रंगमंचामागची कामेही करावी लागत, हे मी वाचले होते. आणि हाताने काम करत शिकायचे, ही नई तालीम तर १९३७ सालच्या शिक्षण परिषदेत आमच्या वर्ध्यातच मांडली गेली. सेवाग्रामपासून आठ किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला झाडूचे नवल कशाला वाटावे?

"नागपूरच!" कन्या म्हणाली. "तिथे मावशीकडे राहता येईल. आणि झाडू मारूनही नाटक आवडलं, तर ते खरं."

मी वही मिटली. हिने पाने वाढता वाढता शांतपणे विचारले, "अहो, त्या हिंगणघाटच्या मुलाच्या वेळी का नाही केलेत एवढे फोन?"

त्या रात्री जेवण घशाखाली उतरेना. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होते आणि ते बोलून दाखवण्यासारखे नव्हते: तो माझा मुलगा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी नागपूरहून एकाऐवजी दोन अर्ज मागवले आणि त्या मुलाला फोन केला. शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन तो एका दुकानात हिशेब लिहीत होता. "फी माझ्याकडे," मी म्हटले. "मागच्या वेळी चूक माझी होती."

पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, "सर, पहिल्या दिवशी काय शिकवतात, ते विचारलं काय?"

"विचारलं," मी म्हटले. "झाडू मारायला."

"मंग येतो," तो म्हणाला.

मे महिन्याच्या अखेरीस, पंचेचाळीस अंशांच्या नागपुरी उन्हात, मी आणि ही त्यांचे नाटक पाहायला गेलो. कन्येला चार वाक्ये होती. त्यांतले एक ती विसरली. तो मुलगा रंगमंचावर आलाच नाही. त्याने प्रकाशयोजना मागून घेतली होती. नाटक संपल्यावर सगळे पालक फोटो काढण्यात गुंतले, तेव्हा तो हातात झाडू घेऊन रंगमंच झाडत होता. मला पाहून हसला आणि पुन्हा झाडू लागला.